इंक टँक प्रिंटर, १८ महिन्यांनंतर: ‘हेड गेलं’ म्हणण्याआधी

घरी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. सराव प्रश्नपत्रिकांसाठी गेल्या वर्षी जूनमध्ये चार रंगांचा इंक टँक प्रिंटर घेतला. पहिले अकरा महिने काहीच तक्रार नव्हती, छपाई स्वच्छ आणि खर्च झेरॉक्सपेक्षा कमी.

मेच्या सुट्टीत पाच आठवडे माहेरी गेले. जाताना प्रिंटरचं बटण न दाबता भिंतीवरचाच स्विच बंद केला. चूक तिथेच झाली. प्रिंटरच्या बटणाने बंद केलं की हेड, म्हणजे कागदावर शाई फवारणारा भाग, कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि शाई वाळत नाही. माझं हेड उघडंच राहिलं होतं.

परतल्यावर काळी अक्षरं तुटक येऊ लागली. घाबरून लागोपाठ सहा वेळा हेड क्लीनिंग केलं, म्हणजे प्रिंटरला शाई ओढून हेड साफ करायला लावलं. टाक्या खाली गेल्या, अक्षरं होती तशीच. सर्व्हिस सेंटरने हेड गेल्याचं सांगून प्रिंटरच्या जवळजवळ निम्म्या किमतीचा आकडा दिला.

शेवटी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या दादांकडे नेला. त्यांनी क्लीनिंग न करता थोड्या थोड्या वेळाने तीन नोझल चेक काढले (हेडच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे नोझलमधून, शाई येते का ते दाखवणारं रेषांचं पान) आणि तिन्ही कागद शेजारी ठेवले. काळ्यात तिन्ही कागदांवर त्याच जागच्या रेषा गायब होत्या, म्हणजे तिथे शाई वाळून बसली होती. निळ्यात मात्र दर वेळी वेगळ्याच रेषा तुटत होत्या. ती हवा. टाकीतली शाई खालच्या खुणेच्याही खाली गेली होती, त्यामुळे नळीत हवा शिरली होती. अशा वेळी क्लीनिंग करत राहिलं तर आणखी हवा ओढली जाते. टाकी भरून प्रिंटर रात्रभर तसाच ठेवायचा, एवढाच उपाय. पिवळ्या रेषा पांढऱ्या कागदावर नीट दिसत नाहीत, म्हणून त्यांनी निळ्या जिलेटीन कागदातून पाहायला सांगितलं. त्यातून त्या काळपट, स्पष्ट दिसतात.

काळ्यासाठी त्यांनी धागे न सुटणाऱ्या कापडाची पट्टी डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओली करून रात्रभर हेडखाली ठेवली आणि रबरी टोपीही पुसली. नळाचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार आत बसतात. सकाळी काळा रंग परतला.

एक गोष्ट मला आधीच कुणी सांगायला हवी होती. क्लीनिंगमध्ये ओढलेली शाई आत तळाच्या स्पंजमध्ये जाते आणि प्रिंटर तिचा हिशोब ठेवतो. हिशोब भरला की छपाई बंद. अशा वेळी पैसे घेऊन फक्त ‘रिसेट’ करून देणारे पुष्कळ आहेत. त्याने आकडा शून्य होतो, स्पंज भिजलेलाच राहतो आणि पुढे शाई टेबलावर गळते. रिसेट करायचंच असेल तर स्पंजही बदलून घ्या.

आता दर रविवारी एक रंगीत पान काढते, शाई खुणेच्या वर ठेवते. सहा महिन्यांत क्लीनिंग दोनदाच लागलं. पावसाळ्यात कागद सादळून दोन-दोन पानं एकदम ओढली जात होती. रोलर ओल्या फडक्याने पुसल्यावर आणि कागद डब्यात ठेवायला लागल्यावर ते थांबलं.

काळ्यातलं एक नोझल मात्र उघडलंच नाही. प्रश्नपत्रिकेत ते जाणवत नाही, पण आलेखाच्या बारीक चौकटींत एक पुसट रेघ दिसते. ती पानं मी ‘हाय क्वालिटी’वर काढते. हेड कागदाच्या त्याच भागावरून पुन्हा पुन्हा फिरतं, त्यामुळे ती रेघ भरून निघते. पान मात्र फार सावकाश निघतं.