छाननी आपोआप की तक्रारीनंतर?

संघर्षातले अत्याचार नोंदवणाऱ्या सत्यशोधन आयोगाचा किंवा शांतता करारानंतर त्यांचे खटले चालवणाऱ्या शांतता-न्यायपीठाचा कायदा घटना न्यायालयाने आपणहून तपासावा, की कुणी दाद मागितल्यावर? मसुदा करणारे इथेच अडतात.

खर्च: कोलंबियात छाननी आपोआप होते, त्यासाठी पीडितांना वकील गाठावा लागत नाही. वेळ मात्र जातो.

टिकाऊपणा: खरी गोम इथे. इंडोनेशियात पीडितांच्या संघटनांनी २००४च्या सत्यशोधन आयोग कायद्यातल्या मोजक्या कलमांनाच आव्हान दिलं. गुन्हेगाराला माफी मिळाली तरच भरपाई, ही अट त्यांना खुपत होती. २००६मध्ये न्यायालयाने अख्खा कायदाच रद्द केला. करायला गेले गणपती, झाला मारुती! दक्षिण आफ्रिकेत १९९६मध्ये माफीविरुद्धची याचिका फेटाळली गेली, माफीची तरतूद टिकली. कोलंबियात २०१७मध्ये न्यायपीठाच्या तरतुदींना कात्री लागली (संघर्षात न लढलेल्या नागरिकांवर सक्ती नको), पण न्यायपीठ वाचलं.

शांतता करार नाजूक, पीडित निर्धन असतील तर आपोआप छाननी. आयोग तातडीने हवा असेल तर दुसरा मार्ग, पण कायदा उडण्याची जोखीम धरून.