उंबरठा ते गाभारा : पुण्यातील एका मुद्राचित्रण कार्यशाळेविषयी

मंदिराचा उंबरठा हा विषय घेऊन लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून कागदावर घेतलेला ठसा) आणि रंगचित्र या दोन्ही माध्यमांतून काम करायला लावणारी ही छोटेखानी कार्यशाळा चित्रकलेची थोडीफार ओळख असलेल्यांनी जरूर करावी, असे माझे मत आहे. लिनोलियमवर जो भाग कोरला जातो तो कागदावर पांढरा राहतो आणि न कोरलेल्या भागावरच शाई चढते. त्यामुळे गाभाऱ्यातला अंधार जपायचा तर तिथे हत्यार लावायचेच नाही, हे शिक्षिकेने चंद्रशिळा (उंबऱ्यापुढची अर्धगोल पायरी), उंबऱ्यावरचे कीर्तिमुख (सिंहासारखे उग्र मुख) आणि द्वारशाखा (दाराच्या चौकटीचे कोरीव पट्टे) एकेक करून कोरून दाखवत इतक्या नेमकेपणाने समजावले की पुढचे सारे सोपे झाले. ठसा उलटा उमटतो, म्हणून द्वारपाल कोरण्याआधी ट्रेसिंग पेपर पालथा घालायचा, हेही तिथेच कळले. भारतात जन्मलेल्या मुद्राचित्रकार झरीना हाश्मी यांच्या 1999 मधील 36 काष्ठठशांच्या (लाकडावर कोरून घेतलेल्या ठशांच्या) मालिकेवरील चर्चाही उत्तम झाली. घर आणि दहलीज, म्हणजे उंबरठा, मोजक्या काळ्या रेषांत कशी मावते, हे त्यातून उमगते.

रंगचित्राचा भाग मात्र उरकल्यासारखा वाटला. ठशासाठी पाण्यात विरघळणारी शाई दिली होती, त्यामुळे वरून जलरंगाचा हात फिरताच कीर्तिमुखाच्या रेषा पसरल्या. तैलशाई देऊन ठसे नीट वाळू दिले असते, तर हे टळले असते. शुल्क वाजवी असून त्यात साहित्यही मिळते. हत्यारे मात्र बोथट होती, स्वतःची न्यावीत.