ब्रीद रुजवण्याच्या दोन वाटा: रयत आणि ज्ञानप्रबोधिनी

शाळेचे ब्रीद प्रवेशद्वारावर रंगवून घेणे हे एका दिवसाचे काम आहे. ते मधल्या सुटीत, शिक्षकांच्या बोलण्यात आणि वर्गाच्या झाडलोटीत दिसावे यासाठी काय करावे, हा प्रश्न ज्या मुख्याध्यापकांसमोर किंवा संस्थाचालकांसमोर असेल, त्यांना महाराष्ट्रातच दोन वेगळ्या वाटा अभ्यासता येतील.

पहिली वाट श्रमाची आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, ज्याला 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंगचे नाव मिळाले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे तेथे निव्वळ घोषवाक्य नव्हते. निरनिराळ्या जातीधर्मांची मुले एकत्र राहत, एकाच पंगतीत जेवत आणि कामे वाटून घेत. त्यामुळे समतेवर वेगळे व्याख्यान देण्याची फारशी गरज उरत नसे. ‘कमवा आणि शिका’ ही योजना याच दिनक्रमातून आकाराला आली. वसतिगृह चालवताना लक्ष्मीबाई पाटील यांनी स्वतःचे दागिने मोडले, हेही विसरता येत नाही, कारण ब्रीदाची किंमत संस्थाचालकांच्या घरातून मोजली गेली होती.

दुसरी वाट संकल्पाची आहे. अप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ज्ञानप्रबोधिनीचा भर बुद्धिमान मुलांना समाजाभिमुख करण्यावर आहे. तेथील विद्याव्रत संस्कार, म्हणजे विद्यार्थ्यांनी विद्येचा संकल्प करण्याचा विधी, ही उपनयनाची नव्या अर्थाने केलेली मांडणी असून तो मुलींवरही केला जातो. त्याआधी विद्यार्थ्यांची तयारी करून घेतली जाते, आणि माझ्या मते त्याचे खरे बळ समारंभापेक्षा या तयारीतच आहे.

निवड करताना पाहावयाचा फरक असा की, श्रमाच्या वाटेला वेळापत्रकात रोजची जागा लागते, तर संकल्पाच्या वाटेला मुलांशी निवांत बोलू शकणारे शिक्षक लागतात. दोन्ही बिघडण्याच्या तऱ्हाही निराळ्या आहेत. संकल्प हळूहळू परिपाठातल्या प्रतिज्ञेसारखा पाठ म्हटला जाऊ लागतो. श्रमाचे बिघडणे अधिक घातक असते: उशिरा आलेल्या मुलाला शिक्षा म्हणून वर्ग झाडायला लावला की झाडणे हे हलके काम आहे असाच धडा साऱ्या वर्गाला मिळतो, आणि आपल्याकडे झाडूशी जातीचा इतिहास जोडलेला असल्याने तो धडा फार खोल जातो. (छायाचित्रापुरते वार्षिक श्रमदान त्या मानाने निरुपद्रवी म्हणावे लागेल.)

साताऱ्याला वसतिगृहाचे चोवीस तास हाताशी होते. दिवसभराच्या शाळेला ते नसतात, म्हणून तो नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही. तरीही नव्याने सुरुवात करणाऱ्या शाळेने श्रमाची वाट आधी धरावी असे मला वाटते. पोषण आहाराची पंगत, वाढप आणि वर्गाची स्वच्छता या गोष्टी बहुतेक शाळांत आधीपासूनच असतात. त्यांची पाळी सर्वांना सारखी लावावी, मुलगे आणि मुली असा भेद त्यात करू नये आणि पाळीच्या तक्त्यात मुख्याध्यापकांसह प्रत्येक शिक्षकाचे नाव असावे. हा तक्ता वर्षभर न मोडता चालला, तर आठवीच्या मुलांसाठी संकल्पाचा कार्यक्रम पुढच्या वर्षी आखता येईल.