पोर्ट आर्थर : गाईड ज्याविषयी बोलत नाहीत

आई-बाबा पुण्याहून मेलबर्नला आले होते, तेव्हा आम्ही त्यांना घेऊन टास्मानियातील पोर्ट आर्थर ऐतिहासिक स्थळ पाहायला गेलो. पोर्ट आर्थर म्हटले की बाबांना रशिया-जपान युद्धातले चीनमधले बंदरच आठवत होते. हे ते नव्हे. होबार्टपासून सुमारे ९५ किलोमीटरवर, टास्मान द्वीपकल्पावर, ब्रिटिशांनी १८३० ते १८७७ या काळात हद्दपार कैद्यांसाठी चालवलेली ही वसाहत असून २०१० पासून ती ऑस्ट्रेलियातील इतर दहा कैदी-स्थळांसह जागतिक वारसा यादीत आहे. याच आवारात आणि त्याच्या आसपास २८ एप्रिल १९९६ रोजी, रविवारी, एका बंदूकधाऱ्याने ३५ माणसे मारली. जुन्या तुरुंगांविषयी प्रवासवर्णनांत पुष्कळ लिहिलेले सापडते. त्या रविवारानंतर हे स्थळ आपल्या पाहुण्यांशी कसे वागते, याविषयी मात्र मला मराठीत काही वाचायला मिळाले नव्हते, म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्याविषयी आहे.

आधी तिकिटाविषयी थोडक्यात. तिकीट सलग दोन दिवस चालते आणि त्यात गाईडबरोबरची प्राथमिक फेरी व बोटीतून बंदराची छोटी सफर धरलेली असते. बोट ‘आइल ऑफ द डेड’च्या जवळून जाते, त्या एवढ्याशा बेटावर हजाराहून अधिक माणसे पुरलेली आहेत. पाण्याकाठची मोठी, छप्पर नसलेली इमारत मुळात पिठाची गिरणी आणि धान्याचे कोठार होती, नंतर तिचे कारागृह केले गेले. सर्वांत जास्त अंगावर येतो तो ‘सेपरेट प्रिझन’. तिथे कैद्यांना मारहाणीऐवजी एकांताची आणि सक्तीच्या मौनाची शिक्षा होती. कोठडीबाहेर पडताना त्यांनी चेहरा झाकायचा आणि प्रार्थनागृहात एकमेकांचे तोंड दिसणार नाही अशा फळ्यांच्या खोक्यांत उभे राहायचे. अंदमानचे सेल्युलर जेल पाहिलेल्या मराठी माणसाला ही कल्पना ओळखीची वाटेल, कारण माणसाला माणसापासून तोडण्याचे तेच शास्त्र तिथेही वापरलेले होते. आमच्या गाईडबाईंनी हे सगळे तपशिलात, मधूनमधून विनोद करत सांगितले. तासाभराच्या त्या बोलण्यात १९९६ चा उल्लेख एकदाही आला नाही.

तो अनवधानाने राहिलेला नव्हता. मृतांमध्ये तिथले कर्मचारीही होते आणि वाचलेल्यांपैकी अनेकांनी मित्र, सहकारी, नातेवाईक गमावले होते. त्यामुळे या घटनेविषयी कर्मचाऱ्यांना विचारू नये, पाटी वाचावी किंवा स्वागतकक्षातून माहितीपत्रक मागून घ्यावे, अशी विनंती पाहुण्यांना केली जाते. फेरी संपल्यावर बाबा प्रश्न विचारायला पुढे सरसावले होते. मी त्यांना हळूच बाजूला घेऊन ही विनंती सांगितली, तर क्षणभर ते खट्टू झाले आणि मग म्हणाले, “बरोबर आहे. घरी मयत झालेल्या माणसाला आपण तरी कुठे विचारतो, नेमके कसे झाले म्हणून?”

ब्रॉड ॲरो कॅफे नावाच्या उपाहारगृहात आणि त्याला लागून असलेल्या भेटवस्तूंच्या दुकानात वीस जण मारले गेले. ती इमारत पूर्ण पाडून टाकावी की तशीच ठेवावी, हा साधा प्रश्न नव्हता. शेवटी भिंतींचा सांगाडा ठेवून बाकीचे काढून टाकले गेले आणि भोवती स्मृतिबाग केली गेली. २००० साली ती खुली झाली. आज तिथे गेल्यावर प्रथम जाणवते ते त्या जागेचे लहानपण. वर छप्पर नाही, खिडक्यांच्या जागी नुसत्या चौकटी, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला फार पावले लागत नाहीत. एवढ्याशा खोलीत लोक दुपारचे जेवण घेत बसले होते, हे कोणी न सांगताही समजते. बाहेर उथळ, स्थिर पाण्याचे एक कुंड आहे. आम्ही गेलो तेव्हा त्यात चार-पाच वाळकी पाने तरंगत होती आणि आई कितीतरी वेळ काही न बोलता त्यांच्याकडे पाहत उभी होती. जवळच ह्यूऑन पाईन या टास्मानियाच्या खास लाकडाचा उंच क्रॉस आहे. मारेकऱ्याचे नाव मला बागेत कुठेच दिसले नाही, आणि मीही ते येथे लिहीत नाही. त्याला ३५ जन्मठेपा झाल्या, एवढे पुरे.

माझ्या मते या स्थळाची सर्वांत चांगली सेवा हीच आहे, तरी तिला एक मर्यादाही आहे. पूर्वकल्पना नसलेला पाहुणा ही बाग सुंदर आहे असे म्हणून पुढे निघून जाऊ शकतो, आणि तिथून सुरू झालेली मोठी गोष्ट त्याच्या हाती लागत नाही. जॉन हॉवर्ड यांना पंतप्रधान होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. घटनेनंतर अवघ्या बारा दिवसांत, १० मे १९९६ रोजी, त्यांनी सर्व राज्यांना एका बंदूक करारावर आणले. सेमी-ऑटोमॅटिक रायफली आणि शॉटगन सामान्य माणसाला बंद झाल्या, परवान्यासाठी सबळ कारण दाखवणे आणि प्रत्येक बंदुकीची नोंदणी करणे सक्तीचे झाले, आणि मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या करात एका वर्षापुरती वाढ करून उभ्या केलेल्या पैशातून सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. हॉवर्ड यांना स्वतःच्या पक्षाच्या ग्रामीण मतदारांचा रोष पत्करावा लागला. व्हिक्टोरियातील सेल या गावी बंदूकधारकांच्या सभेत ते कोटाखाली बुलेटप्रूफ जाकीट घालून बोलले होते. हे सगळे सांगणारे एखादे छोटे दालन बागेपासून दूर, ज्याला हवे त्यानेच जावे अशा ठिकाणी असते, तर मला आवडले असते.

दुसरी गोष्ट निव्वळ माझ्या आवडीनिवडीची. संध्याकाळनंतर येथे कंदिलाच्या उजेडात भुतांच्या गोष्टींची फेरी निघते आणि ती लोकप्रिय आहे. कैद्यांच्या काळाला दीडशे वर्षे उलटली, त्यामुळे त्यात गैर काही नाही, हे मला पटते. तरीही दुपारी ती बाग पाहिल्यावर रात्री घाबरण्यासाठी पैसे मोजणे आमच्या घरात कोणालाच जमले नाही.

खरी तक्रार आहे ती आम्ही होबार्टहून घेतलेल्या बससहलीची, आणि तिचा या स्थळाच्या व्यवस्थापनाशी काही संबंध नाही. वाटेत दोन ठिकाणी समुद्र पाहायला थांबल्यावर पोर्ट आर्थरसाठी जेमतेम साडेतीन तास उरले. फेरी, बोट आणि तुरुंग एवढ्यातच ते संपत आले, आणि बागेत उभे असताना चालकाने हॉर्न वाजवला. शक्य असल्यास स्वतःची गाडी घ्यावी, रस्ता दीड तासाचा आणि चांगला आहे. दोन दिवसांचे तिकीट असल्यामुळे रात्री जवळपास मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दीच्या बसगाड्या येण्यापूर्वी, बागेत जावे. वयस्कर मंडळींना चढउतार सोपे नाहीत, काठी बरोबर ठेवावी. माहितीपत्रक मात्र आत शिरतानाच मागून घ्यावे. बाबांनी त्यांचे परतीच्या बसमध्ये वाचले, दोनदा, आणि घडी घालून पासपोर्टच्या पाकिटात ठेवले.