मुलांच्या ‘इस्रो सहली’चे पैसे गोळा करणारी मीच होते

दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात 19 घरांचे मिळून 95,000 रुपये गेले. ते घेऊन पळालेला माणूस बाहेरचा होता, पण दारोदार फिरून ते मागणारी मी होते. म्हणून हे मलाच लिहायला हवं.

मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, पण बैठकीला येणारे चार-पाच. जे येतात त्यांच्या अंगावर कामं पडतात, तशी माझ्यावर पडली आणि मला ती आवडायला लागली. फेब्रुवारी-मार्चमध्ये पोरांना घेऊन मी वेळासला जायचे. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी तिथले गावकरी आणि स्वयंसेवक जाळीत जपतात आणि पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडतात. एसटीचं भाडं आणि घरून नेलेली भाजी-भाकरी, एवढाच खर्च. गावात माझं नाव झालं ते यामुळेच. ‘वैनी बरोबर आहेत ना, मग जाऊ दे पोराला’ असं लोक म्हणायचे.

जानेवारीत एक गृहस्थ शाळेत आले. पस्तिशीतले, साधे कपडे, गळ्यात ओळखपत्र. मुलांसाठी विज्ञानाचं काम करणाऱ्या मुंबईच्या एका संस्थेचे कार्यकर्ते असल्याचं त्यांनी सांगितलं. सातवी ते नववीची मुलं एका वर्गात बसवली आणि तासभर बोलले. केरळातलं थुंबा हे मासेमारांचं गाव. विक्रम साराभाईंनी रॉकेटसाठी तीच जागा मागितली, तेव्हा लोकांनी आपली जमीन आणि आपलं चर्चसुद्धा दिलं. त्या चर्चमध्येच शास्त्रज्ञांची कचेरी झाली. त्या काळी रॉकेटचा पुढचा भाग सायकलवरूनसुद्धा नेला जायचा. 21 नोव्हेंबर 1963 ला भारताच्या भूमीवरून पहिलं रॉकेट उडालं ते तिथूनच. “तुमच्यासारखंच गाव होतं ते, बाळांनो,” असं ते म्हणाले तेव्हा मागच्या बाकावरची कोळ्यांची पोरं पुढे सरकून बसली. माझ्या मुलीने त्या रात्री सायकलवरच्या रॉकेटचं चित्र काढलं.

यातला शब्द न शब्द खरा आहे. मी नंतर सगळं तपासलं, सगळं खरं निघालं. खोटा होता तो फक्त सांगणारा.

पुढचं भराभर घडलं. 200 रुपये भरून ‘बालवैज्ञानिक शोध परीक्षा’. 41 मुलं बसली, 26 निवडली गेली, सोनेरी ठशाची प्रमाणपत्रं आली. निवडलेल्यांसाठी मे महिन्यात थुंब्याच्या इस्रो केंद्राची सहल. बाकीचा खर्च ‘संस्था’ करणार, आपण फक्त 5,000 भरायचे. मला त्यांनी ‘तालुका समन्वयक’ केलं आणि तसा बिल्ला दिला. आमच्या घरी दोनदा जेवले. सासूबाईंनी त्यांना आग्रह करकरून सोलकढी वाढली. जाताना ते सासूबाईंच्या पाया पडले.

एक गोष्ट मला आजही झोपू देत नाही. मुख्याध्यापक सरांनी तेव्हाच हरकत घेतली होती. शाळेची सहल काढायची तर शिक्षण विभागाची परवानगी लागते, संस्थेचं पत्र आणा, मग बघू, असं ते म्हणाले. त्यावर त्या माणसाने मला बाजूला घेऊन समजावलं, “ताई, ही शाळेची सहल दाखवायचीच नाही. पालकांनी एकत्र येऊन काढलेली सहल आहे, तिला कशाला हवी परवानगी? कागदपत्रांत अडकलं तर पोरांची संधी जाईल.” ते मला पटलं. मीच सरांना म्हटलं, सर, तुम्ही नुसते बाजूला राहा, आम्ही पालक बघतो. परवानगी हे सरकारी लचांड आहे असं मला वाटत होतं. पण ती मागायला गेलो असतो तर कुणीतरी विचारलं असतं की ही संस्था कोणती, तिचा नोंदणी क्रमांक काय, मुलं कुठे राहणार, बरोबर शिक्षक कोण. आमच्यात हे विचारणारे एकटे सर होते, आणि त्यांना मी गप्प केलं.

मी निळ्या पुठ्ठ्याची वही केली. नाव, रक्कम, तारीख, सही. 26 पैकी 19 घरांनी पैसे दिले. माझ्या शेजारची एक बाई हर्णै बंदरातल्या लिलावात म्हावरं, म्हणजे मासळी, घेते आणि पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव विकते. तिचा मुलगा सातवीत होता. तिने पैसे तीन वेळा करून दिले. शंभराच्या, पन्नासाच्या, वीसच्या नोटा, काही ओलसर. मी त्या ओटीवर पसरून पंख्याखाली वाळवल्या. तिने वहीत अंगठा न लावता सही केली. मुलाने शिकवली होती तिला. सही करून वर म्हणाली, “आता तुमच्यावर सोडलंय बघा, वैनी.”

लोकांनी मला रोख दिले आणि मी माझ्या फोनवरून चार हप्त्यांत पुढे पाठवले. क्यूआर कोड टिपल्यावर नाव आलं ते एका माणसाचं, संस्थेचं नाही. मी विचारलं. ‘खजिनदारांचं खातं आहे, संस्थेच्या खात्याचं केवायसी चालू आहे’ असं उत्तर मिळालं. मी पिन टाकला.

शेवटचा हप्ता 6 एप्रिलला गेला. 19 तारखेच्या रात्री रेल्वेच्या तिकिटाचा फोटो आला. पुतण्या जेवायला आला होता, त्याला मी कौतुकाने दाखवला. त्याने दोनदा मोजलं आणि म्हणाला, “काकी, पीएनआर दहा आकडी असतो. हे नऊच आहेत.” मग म्हणाला, “आणि एका तिकिटावर सहाच जण बसतात. इथे एकोणीस नावं कशी?” मी लगेच फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशीही बंद, तिसऱ्या दिवशीही. ओळखपत्रावरच्या पत्त्याच्या गल्लीत आमच्या एका मुंबईकर नातेवाइकाने जाऊन पाहिलं. तिथे कपडे शिवण्याचं दुकान होतं, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलिसांकडे गेले. पैसे गेल्यागेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात ते रोखून धरता येतात. मला नुसतं कळेपर्यंतच 13 दिवस झाले होते, खातं कधीच रिकामं झालं होतं. गुन्हा दाखल झाला, तपास चालू आहे. पण तिथे बसल्यावर मला एक गोष्ट उमगली, ती सगळ्या ‘समन्वयक’ ताई-दादांनी नीट वाचावी. बँकेच्या नोंदीत फसवली गेलेली एकटी मी आहे. बाकी 18 घरांनी पैसे रोख दिले, आणि दिले ते मला. त्यांच्याकडे पुरावा काय, तर माझी वही. कागदावर बघायला गेलं तर गावाचे पैसे मी घेतले. त्या माणसाने एकाही पालकाकडून स्वतः रुपया घेतला नाही, तो यासाठीच. कुणाच्याही वतीने रोख गोळा करू नका. ज्याला भरायचे आहेत त्याने आपल्या हाताने संस्थेच्या नावाच्या खात्यात भरावेत आणि छापील क्रमांकाची पावती घ्यावी.

पैशांपेक्षा मोठी धास्ती दुसरीच आहे. ‘तिकिटासाठी’ म्हणून मी 26 मुलांच्या आधारच्या प्रती आणि काहींच्या पासबुकाची पानं पाठवली होती. ती परत येत नाहीत. आता मी प्रत देताना तिच्यावर आडवं लिहिते की कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला दिली. शक्य असेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं आधार देते.

खऱ्या संधी कशा असतात हे मी नंतर शिकले, आणि ते आधी कळलं असतं तर पहिल्याच दिवशी शंका आली असती. इस्रोचा ‘युविका’ म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम 2019 पासून आहे. तो फक्त नववीच्या मुलांसाठी आहे, अर्ज इस्रोच्याच संकेतस्थळावर होतो, निवडीत ग्रामीण शाळांतल्या मुलांना जास्तीचे गुण मिळतात आणि प्रवास, राहणं, जेवण सगळं इस्रो करतं. आमच्या यादीत सातवीचीही मुलं होती. ‘इन्स्पायर मानक’ या केंद्र सरकारच्या योजनेसाठी मुलाची कल्पना शाळा पाठवते आणि निवड झाली तर 10,000 रुपये मुलाच्या खात्यात येतात. आठवीच्या एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेतून निवड झालेल्या, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, तेही थेट खात्यात. आपल्या रत्नागिरी जिल्हा परिषदेने परीक्षा घेऊन आपल्या शाळांतली मुलं इस्रो आणि नासा दाखवायला नेली. ती बातमी आम्ही सगळ्यांनी वाचली होती, आणि म्हणूनच आम्हाला हे सगळं शक्य वाटलं.

फी घेणारा प्रत्येक जण लबाड असतो असं मात्र मी म्हणणार नाही. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला फी असते आणि ती परीक्षा खरी आहे. पाचवी-आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेलाही फी भरलेली आम्हाला आठवते. पण ते बहुतेक शाळेमार्फत होतं. आमच्या माणसाला शाळाच नको होती, त्याला मी हवी होते. संस्थेचं नाव धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर शोधता येतं, याला पाच मिनिटं लागतात. आमच्या पावत्यांच्या शिक्क्यावर नोंदणी क्रमांकच नव्हता. तीन महिने त्या पावत्या माझ्या कपाटात होत्या.

यंदाच्या आंब्याच्या पेट्यांचे पैसे आले तेव्हा यजमान म्हणाले, आधी लोकांचे देऊन टाक. 11 घरांचे पूर्ण दिले, सातांचे दिवाळीपर्यंत देणार आहे. म्हावरंवाल्या शेजारणीकडे सगळ्यात आधी गेले. तिने नोटा घेतल्या, दोनदा मोजल्या, वहीत सही केली. आधी मोजत नसे.

जूनमध्ये तिचा मुलगा आठवीत गेला. मी तिला एनएमएमएसबद्दल सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ह्याचे पैसे कुणाकडे द्यायचे?”

“माझ्याकडे काहीच द्यायचं नाही. फॉर्म शाळाच भरते. माझ्यावर विसंबू नको, सरांना विचार.”

दुसऱ्या दिवशी म्हावरं विकून झाल्यावर ती रिकामी पाटी घेऊन तशीच शाळेत गेली. सरांकडून एका कागदावर सगळं लिहून घेतलं, खाली त्यांची सही आणि शाळेचा शिक्का मारून घेतला आणि घरी जाताना तो कागद मला दाखवायला थांबली.