सॉल्ट लेक सिटीचे हेरिटेज पार्क : एका विधवेच्या घरासाठी तरी जावे

सॉल्ट लेक सिटीच्या पूर्व टोकाला, एमिग्रेशन कॅन्यनच्या तोंडाशी ‘धिस इज द प्लेस हेरिटेज पार्क’ आहे. एकोणिसाव्या शतकातील मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतीचे गाव तेथे काही मूळ आणि काही नव्याने बांधलेल्या वास्तूंमधून उभे केले आहे. मुलांसाठी छोटी आगगाडी आणि तट्टांची सवारी असल्यामुळे अनेक कुटुंबांचा दिवस तेवढ्यातच संपतो. माझा कौल मात्र मेरी फील्डिंग स्मिथ यांच्या दोन खोल्यांच्या घराला आहे.

मेरी यांचे पती आणि पंथाचे एक नेते हायरम स्मिथ यांची २७ जून १८४४ रोजी इलिनॉयमधील कार्थेजच्या तुरुंगात जमावाने हत्या केली. स्वतःची दोन मुले आणि हायरम यांच्या दिवंगत पहिल्या पत्नीची मुले यांचा भार अंगावर घेऊन मेरी १८४६ मध्ये इलिनॉयमधील मॉर्मनांचे गाव नॉवू सोडून निघाल्या आणि सप्टेंबर १८४८ मध्ये या खोऱ्यात पोहोचल्या. तुमचे ओझे साऱ्या तांड्यावर पडेल, असे प्रमुखाने सुनावल्यावर त्यांनी तुमच्या आधी पोहोचून दाखवीन असे उत्तर दिल्याची कथा मॉर्मन घराघरांत सांगितली जाते. कथा झकास आहे, पण तिच्या झगमगाटात पुढची चार वर्षे झाकोळून जातात, आणि हे घर त्याच वर्षांचे आहे.

खोऱ्यात इमारती लाकूड दुर्मिळ होते, म्हणून माती कालवून उन्हात वाळवलेल्या विटांनी भिंती रचल्या जात. अशा घरात बाईचा दिवस कसा सरत असेल, याचा अंदाज जुन्या वेशातील मार्गदर्शकांची कामे गावभर पाहत आल्यावर बांधता येतो. वात वितळलेल्या चरबीत बुडवायची, निथळून थंड होऊ द्यायची, पुन्हा बुडवायची. असे कितीतरी वेळा केल्यावर एक मेणबत्ती बोटाएवढी जाड होते. साबणासाठी चुलीतील राख साठवून तिचे क्षारयुक्त पाणी काढायचे आणि ते चरबीबरोबर कढवायचे. शिवाय दूध, लोणी, सूतकताई, आणि पाटाच्या पाण्याची पाळी आली की शेत भिजवणे. सुरुवातीच्या टंचाईत वसाहतवाल्यांनी सेगो लिलीचे कंद खणून पोट भरले होते. तेच फूल आज यूटाचे राज्यपुष्प आहे.

अशा ओढगस्तीतही मेरी यांनी निवडक चांगले बटाटे गाडीत भरून दशांश कचेरीत, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देण्याच्या ठिकाणी, नेले. विधवेने दशांश देणे बरे नव्हे, असे तेथील कारकुनाने म्हणताच, मला आशीर्वादापासून वंचित ठेवता काय, म्हणून त्यांनी त्यालाच फैलावर घेतले. हा प्रसंग त्यांचे पुत्र आणि पुढे मॉर्मन चर्चचे अध्यक्ष झालेले जोसेफ एफ. स्मिथ यांनी सांगून ठेवला आहे. हा प्रसंग भक्तीचा म्हणून सांगतात, मला त्यात दयेचा विषय व्हायला साफ नकार देणारी कर्ती बाई अधिक दिसते.

तरीही त्यांना अगदी एकाकी समजणे चुकीचे ठरेल. भाऊ जोसेफ फील्डिंग, विधवा बहीण मर्सी आणि मोठी होत चाललेली सावत्र मुले हा त्यांचा आधार होता. शिवाय बहुपत्नीत्वाच्या तत्कालीन रीतीनुसार चर्चचे ज्येष्ठ नेते हीबर सी. किंबॉल यांच्याशी त्यांचा विवाह झालेला होता, तथापि चूल आणि शेत त्यांनी स्वतःच्याच हाती ठेवले. वीरकथेपेक्षा ही गुंतागुंत मला जास्त मोलाची वाटते. मार्गदर्शकांना नेमके याविषयी विचारावे, कारण घराच्या भिंती स्वतःहून एवढे सांगत नाहीत. सप्टेंबर १८५२ मध्ये वयाच्या ५१ व्या वर्षी मेरी वारल्या, तेव्हा त्यांचा मुलगा जोसेफ १३ वर्षांचा होता. या घराचे सुख त्यांना फार काळ लाभले नाही.

भेट उन्हाळ्यात ठेवावी, मात्र २४ जुलै टाळावा. १८४७ मध्ये मॉर्मन या खोऱ्यात प्रथम आले, त्या आगमनाचा तो स्मृतिदिन राज्याच्या सुट्टीचा असतो, आणि उसळलेल्या गर्दीत दोन खोल्यांच्या घरात निवांत उभे राहणे अवघडच.