टू-स्ट्रोक आउटबोर्ड: ऑइल स्वतः मिसळायचं की पंपावर सोडायचं?

जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, घ्यायला निघालात की दोन जाती दिसतील. एकीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून घालावं लागतं. दुसरीत ऑइलची टाकी वेगळी असते आणि पंप लागेल तेवढं ऑइल सोडतो.

ऐकायला पंप सोयीचा, आणि आहेही. हळू चालताना तो ऑइल कमी करतो, अगदी 100:1 च्या आसपास, म्हणजे शंभर भाग पेट्रोलला एक भाग ऑइल. पूर्ण वेगात 50:1 वर आणतो. त्यामुळे जाळ्याभोवती हळूहळू फिरताना धूर कमी, ऑइलची बचत. पण नळीत हवा शिरली किंवा पंप थकला, तर इंजिन नुसत्या पेट्रोलवर मजेत चालत राहतं आणि मग एकदम जाम होतं. टाकीत ऑइल संपत आल्याचा इशारा बहुतेक इंजिनं देतात. पंप मेल्याचा देतीलच असं नाही. म्हणून जुन्या इंजिनाचा पंप काढून सरळ मिसळीवर चालवणारे बरेच.

मिसळीचा हिशेब सोपा. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली, 25 लिटरला अर्धा लिटर. नव्या इंजिनाला सुरुवातीचे काही तास बहुधा 25:1 सांगतात, पण शेवटचा शब्द त्या मॉडेलच्या पुस्तिकेचा. आधी अर्धं पेट्रोल, मग सगळं ऑइल, कॅन नीट हलवायचा, मग उरलेलं पेट्रोल. ‘थोडं जास्त घातलं तर काय बिघडतं?’ बिघडतं: प्लग काळे पडतात, शिवाय ऑइलने जागा खाल्ल्यामुळे पेट्रोल कमी पडून इंजिन उलट तापतं.

ऑइल कुठलं, यावर मी वाद घालत नाही: डब्यावर टीसी-डब्ल्यू3 हवं, म्हणजे पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या ऑइलचा दर्जा. बाइकचं टूटी (टू-स्ट्रोक ऑइल) हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. पाण्यावर थंड राहणाऱ्या आउटबोर्डमध्ये त्याची राख साचते.

9.9 किंवा 15 एचपीची छोटी होडी असेल तर माझं मत मिसळीला. मोठं इंजिन, रोजच्या पर्यटक फेऱ्या आणि हाताशी चांगला मेकॅनिक असेल तर पंप घ्या.

हल्लीच्या ई20 (20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं, ऑइल वरच्या पेट्रोलातच राहतं, आणि नळी तर तळातूनच ओढते. तेव्हा मिसळ त्या दिवसापुरतीच करा.